भारी पेट्रोल कुणाला?

एकदा एका घाटाखालच्या पेठेत भालचंद्र कासार नावाचा भांड्यांचा व्यापारी राहत होता. पत्नी निवर्तल्यापासून त्याचं घर अगदी मुकं झालं होतं. तरुण मुलगा निनाद शहरातली नोकरी गमावून परतला होता आणि वरच्या खोलीत दार लावून बसे. बाप जिन्याखालून विचारी, "जेवलास का?" वरून उत्तर येई, "हो." एवढाच काय तो संवाद. भालचंद्र आतून फार एकटा पडला होता. पण कबूल करील तर शपथ!

अंगणात पत्नीची जुनी स्कूटर होती. दर रविवारी तो ती पुसून, फेरी मारून आणी आणि तिच्यात पंपावरचं सर्वांत भारी, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरी. रोजच्या टर्बो गाडीला मात्र साधं. "ती काय, धावतेच आहे," असं त्याचं म्हणणं.

पुढे घाट चढताना गाडी कडकड वाजू लागली, ओढही कमी झाली. तेव्हा त्याने आपल्या वृद्ध गुरुजींना बोलावलं. तंत्रशाळेत त्यांनीच त्याला इंजिन शिकवलं होतं. गुरुजींनी बॉनेट उघडलंच नाही. कोणतं पेट्रोल भरतोस, एवढं विचारलं, मग नळी मागितली. स्कूटरच्या टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं आणि सरळ गाडीत ओतलं.

भालचंद्रचा तोल गेला. "अहो गुरुजी, हे काय केलंत? तिची आठवण आहे ती!"

"आठवणीला धक्का लागलेला नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "बाबा रे, ऑक्टेन म्हणजे जोर नव्हे, दाब सोसण्याची ताकद. टर्बो इंजिनात हवा कोंबून भरलेली असते. साधं पेट्रोल तिथे ठिणगीची वाटही न पाहता पेट घेतं, म्हणून ही कडकड. स्कूटरवर तसला दाब नाही, तिला साधं पुरतं. एवढ्या डबाभराने भागायचं नाही, यापुढे गाडीत भारीच भर. उत्तम असेल ते, जिथे दाब आहे तिथे द्यावं."

मग त्यांनी वरच्या बंद खिडकीकडे पाहिलं. "मुलगा कसा आहे?"

"उद्या कायमचा जातो म्हणतोय. काल मी जरा बोललो, तर ताट सरकवून उठला. जाऊ दे!"

"त्याच्या वाट्याला काय ठेवलंस?"

भालचंद्रने स्कूटरकडे पाहिलं. आपली सगळी माया रविवारी अंगणातच संपते, हे त्याला प्रथमच दिसलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

गुरुजी गेल्यावर तो जिना चढला. दार उघडलं. पलंगावर अर्धी भरलेली बॅग होती.

"बाबा, उद्या निघतोय. सांगितलंय ना मी."

"ठाऊक आहे." भालचंद्र उंबऱ्यातच थांबला. "तुझ्यावर काय गुदरलं, ते मी कधी विचारलंच नाही रे. आणि तू गेलास तर मला या घरात करमायचं नाही."

निनादने बॅग उचलून खाली ठेवली आणि बापाला बसायला जागा केली.