सकाळची गोळी

“मग बंदच करू ना गोळ्या, आई?”

केशरआई घाटाच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. वय शहाऐंशी, नजर जवळजवळ गेलेली. विचारणारा दिगंबर उमाळे त्यांचा जुना शिष्य, गणिताचा मास्तर. अकरा वर्षांपूर्वी बहिणीनं यकृताचा तुकडा दिला, म्हणून तो वाचला होता.

“आजची घेतलीस?”

“नाही.”

“का रे?”

“शरीरानं परकं यकृत नाकारू नये म्हणून त्या गोळ्या. अकरा वर्षांत एकदाही चुकलो नाही. घड्याळ लावून घेतल्या. आणि आता डॉक्टर म्हणतात, त्याच गोळ्यांनी मूत्रपिंडं बिघडताहेत.”

“उपाय?”

“डोस कमी करायचा. जोडीला दुसरं औषध. पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं, पुन्हा बदलायचं... असलं अंदाजपंचे मला जमत नाही, आई. घ्यायच्या तर पुऱ्या, नाहीतर नाहीच.”

केशरआईंनी हात पुढे केला.

मग म्हणाल्या, “पाण्यापर्यंत ने मला.”

दिगंबरनं त्यांचा दंड धरला. दोन पायऱ्या उतरल्या.

“दुखतंय रे.”

त्यानं चटकन हात काढला. शेवाळलेल्या पायरीवर केशरआईंचा तोल गेला. त्यानं झेप घेऊन त्यांना सावरलं.

“सोड म्हटलं होतं मी?”

त्यानं बोटं जराशी सैल केली, पण हात तसाच ठेवला. दोघं सावकाश खाली उतरले. पाणी पायांना लागलं तशा केशरआई लहान मुलीसारख्या हसल्या.

त्यांना नीट बसवून त्यानं डॉक्टरांना फोन लावला.

“सकाळची राहिली... नाही, मुद्दामच घेतली नाही.”

पलीकडून आधी रागावणं ऐकू आलं, मग सूचना.

“आत्ता घेतो. हो, सोमवारी येतो. नवा डोस लिहून ठेवा.”

पिशवीतल्या उकळलेल्या पाण्याबरोबर त्यानं गोळी घेतली.

सहा महिन्यांनी तो पुन्हा आला. डोस तीनदा बदलला होता. यकृत ठीक होतं, मूत्रपिंडांचा बिघाड होता तिथंच थांबला होता. चेहऱ्यावर तजेला होता, तरी कुरकुर गेली नव्हती.

“पण आई, हे असं तपासत, बदलत... किती वर्षं चालवायचं?”

केशरआईंनी त्याच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

“तुला कुठं जायची घाई आहे का, दिगंबर?”