पितळी ताटातली आमटी

भांडी अजून आपसांत बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. गोदूबाईंच्या नव्या खानावळीतल्या पळीला एक कोडं पडलं होतं. ती एकाच पातेल्यातली आमटी स्टीलच्या ताटांत वाढे आणि दुप्पट दराच्या पितळी ताटांतही वाढे. स्टीलवाले भुरका मारून म्हणत, “वा, अगदी घरच्यासारखी!” पितळवाले नाक मुरडत, “एवढे पैसे मोजायचे, आणि आमटी घरच्यासारखीच?”

गोदूबाई वैतागल्या. “उद्यापासून आमटीच बदलते!”

पळीने घाबरून पातेल्याला विचारलं, “आजोबा, आपलं काय चुकलं हो?”

“काही नाही गं,” पातेलं म्हणालं. “पितळी ताटात तुझ्याआधी किंमत वाढून ठेवलेली असते. पहिला घास तिचाच पोटात जातो.”