तूप लावलेली सफरचंदं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा खारी माणसांशी बोलायच्या आणि माणसं त्यांचं ऐकून घ्यायची.

एका डोंगराच्या उतारावर सफरचंदांच्या बागांचं एक गाव होतं. शेवटची फळं उतरली की गावात पाकसण असायचा. त्या दिवशी घरोघरी चुलीवर साखरेचा पाक चढे. देठाशी कामटी खोचलेलं सफरचंद पाकात बुडवलं, की त्यावर काचेसारखं कवच धरायचं. ते कवच दातांनी फोडताना होणारा आवाज ऐकायला पोरं वर्षभर वाट बघायची.

पण पहिलं फळ पोरांचं नसे. ज्याच्याशी आपलं भांडण झालं, त्याच्या दारात ते न्यायचं, अशी रीत होती. त्यानं ते कटकन चावलं की भांडण मिटलं. ओट्यावर ठेवून दिलं की नाही मिटलं. आणि दोन वर्षं फळ ठेवून दिलं, तर तिसऱ्या वर्षी न्यायचं नसे. मग बोलणं कायमचं बंद.

त्या गावात सगुणा नावाची एक बाई होती. मनानं चांगली, पण भारी उतावळी. शेजारची गिरजा तिची लहानपणापासूनची मैत्रीण. एकदा सगुणानं गिरजाची तांब्याची कढई मागून आणली, ती हातातून निसटली आणि तिला चांगला मोठा पोचा पडला. परत करताना सगुणा म्हणाली, "हा पोचा आधीचाच होता हं." गिरजा काही बोलली नाही. त्या दिवसापासून काहीच बोलली नाही.

गेल्या पाकसणाला सगुणा फळ घेऊन गेली होती. "गिरजे, तुझ्यासारखी मोठ्या मनाची बाई पंचक्रोशीत शोधून सापडायची नाही," असं किती तरी गोड बोलली. कढईचा मात्र विषय काढला नाही. गिरजानं फळ ओट्यावर ठेवून दिलं.

म्हणजे ही शेवटची संधी. सगुणा पहाटेपासून घरभर नाचत होती. "गेल्या वर्षीचं फळ जरा मळकटच होतं," ती स्वतःशी म्हणाली. "यंदा असं चमकवते, की तिनं नाही म्हणूच नये!" तिनं टोपलीतली सफरचंदं धुतली, पुसली. ताटाला लावायला तुपाची वाटी काढली होती. तिच्याकडे बघता बघता तिला कल्पना सुचली आणि तिनं एकेका फळाला तूप चोळायला घेतलं. फळं लखलखली! एकच राहिलं. त्याच्या गालावर गारपिटीचा खरबरीत डाग होता. "तुला कोण नेणार?" म्हणत तिनं ते बाजूला टाकलं.

चुलीवर घरच्या कढईत साखर विरघळली, लिंबाचा रस पडला, पाकाला बुडबुडे आले. सगुणानं थेंब गार पाण्यात टाकला. मऊ गोळी झाली. थांबायला हवं! पुन्हा थेंब टाकला. तार आली. अजून थांबायला हवं! तिचा जीव वरखाली होत होता. शेवटी थेंब पाण्यात पडला आणि बोटांत कटकन मोडला. "झाला!" ती ओरडली आणि पहिलं फळ बुडवलं.

वर काढलं तर पाक घसरला. सगळा ओघळून कढईत. दुसरं बुडवलं, तेही तसंच. तिसऱ्यावर धरल्यासारखा वाटला आणि चकतीसारखा सुटून खाली पडला. सगुणाला रडूच कोसळलं. कढईतला पाक घट्ट होत चालला होता.

भिंतीवर एक खार शेपूट उडवत बसली होती. "काय गं बाई," ती म्हणाली, "ताटाला तूप कशाला लावतेस?"

"फळ चिकटू नये म्हणून!" सगुणा हुंदके देत म्हणाली.

"मग फळाला कशाला लावलंस?"

सगुणानं आपल्या तुपकट बोटांकडे पाहिलं.

"मी तुमच्या झाडावर रोज चढते," खार म्हणाली, "ते त्याची साल खरबरीत आहे म्हणून. त्याला तूप चोळलंस तर मीसुद्धा धपकन खाली येईन."

सगुणानं धावत जाऊन ते डागाळलेलं फळ उचललं, कामटी खोचली, कढई तिरकी केली आणि उरलासुरला पाक गोळा करून त्यात फळ गोल फिरवलं. पाकानं धरलं! डागावर तर सगळ्यात जाड धरलं. ती आनंदानं उडालीच, आणि कवच पुरतं वाळलं न वाळलं तोच गिरजाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"गिरजे, तुझ्यासारखी मोठ्या मनाची..." तिनं सुरुवात केली. गिरजाची नजर लगेच ओट्याकडे वळली. सगुणाला कढईत घसरणारा पाक आठवला. गोड वाक्य तिनं तिथंच सोडलं. मग एका दमात म्हणाली, "तुझ्या कढईला पोचा माझ्या हातून पडला. आधीचा नव्हता. मी खोटं बोलले."

गिरजानं फळ हातात घेतलं.

"कढईचं मला काही नव्हतं गं," ती म्हणाली. "भांडी पडायचीच. पण माझ्याच घरातल्या कढईबद्दल तू मला खोटं पाडलंस. त्याचं वाईट वाटलं."

"हो. मला तेव्हाही कळलं होतं," सगुणा म्हणाली.

गिरजानं फळ उलटसुलट करून पाहिलं. बरोब्बर डागावर दात लावले. कट्ट! आवाज एवढा मोठा झाला, की गल्लीतली पोरं ओरडत धावली. दोघी हसत होत्या, रडत होत्या, आणि सगुणाच्या पदराला पाक चिकटला होता. मग गिरजानं आतून ती पोचा पडलेली कढई आणली, आणि सगुणाच्या टोपलीतली तूप लावलेली फळं दोघींनी राखेनं घासून, धुऊन, कोरडी करून त्याच कढईत नवा पाक करून बुडवली. खारीला पहिला तुकडा मिळाला.

तेव्हापासून त्या गावात पाकसणाला तूप फक्त ताटाला लावतात.

तात्पर्य : चूक झाकायला केलेलं गोड बोलणं मनाला धरत नाही, चूक उघडी करून बोललेलं साधं वाक्य धरतं.