खापरी बेटावरचं ‘पाणी नाय’

समोर दिसतं ते खापरीचं तळं. बैलगाडी उलटी घातली तर झाकलं जाईल एवढंच आहे. तो काळा कडा आहे ना, त्याच्या फटीतून पाणी झिरपतं आणि खालच्या खळग्यात साठतं. दिवसभरात तुम्ही याच्यावरून चार वेळा गेलात, पण थांबलं कुणी नाही. धक्क्यावरच्या माहितीच्या फलकावर याचं नाव नाही, त्यामुळे तुमचा तरी काय दोष.

फलकावर लाव्हा आहे. शिकलेली माणसं येऊन सांगून गेली की हे सगळं बेट एकेकाळी रटरटणारा दगड होता आणि निवताना त्याचे ते सहा कोनांचे खांब झाले. असतील. त्या खांबांना टेकून तुम्ही सगळ्यांनी फोटो काढलेत, दीपस्तंभाचा दिवा पाहिलात, गुहेत शिरून एकमेकांच्या नावाने हाका मारल्यात आणि बारा वाजता मला विचारलंत, “काका, आणखी काय आहे बघायला?” या दगडाला थंड व्हायला किती युगं लागली देव जाणे, तुम्हाला तो पुरला तीन तास. आम्हाला मात्र आगीचं कौतुक नाही. आमचा जीव पाण्यात अडकलेला.

सकाळी बोटीतून उतरलात तेव्हा धक्क्यावर माझी सून उभी होती, पायाशी तांब्याची कळशी ठेवून. तिने तुम्हाला सांगितलं, “पाणी नाय.” ते ऐकून तुमची तोंडं वाकडी झाली. या गॉगलवाल्या ताई म्हणाल्या, “या-बसा राहिलं बाजूला, थेट पाणी नाही! काय उद्धट लोक आहेत.” तरी जाताना त्यांनी दया येऊन कळशीत दहाची नोट टाकली. त्या नोटेचं मागाहून बोलू. बोट चारला येते, आत्ता सव्वातीन झालेत. वेळ कसा घालवायचा हा तुमचा प्रश्न आहेच, तर ऐका. तुमच्याशी तुमच्यासारखंच बोलतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याचं काही कळलं नाही.

फार पूर्वी खापरीवर बारा घरं होती, असं सांगतात. बाराही घरं याच तळ्यावर जगत. बेटाचा कारभार पाहणारा होता हिराजी तांडेल. समुद्रावर त्याच्यासारखा होडीवाला नव्हता म्हणे, पण जमिनीवर त्याला एक खोड होती. पाहुण्यापुढे ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, त्यातली गत. मी त्याच्याच वंशातला, म्हणून मला हे बोलायचा हक्क आहे.

एका वर्षी वैशाखात पलीकडच्या किल्ल्याचा किल्लेदार इथे आला. काम काहीच नव्हतं. तटावरून त्याला रोज समुद्रात एक काळा ठिपका दिसे आणि एक दिवस कंटाळा आला म्हणून तो ठिपका बघायला निघाला. सोबत बायको, आचारी, चाळीस माणसं, दोन शिकारी कुत्री आणि पालखी. तोंडातला विडा संपायच्या आत फिरून होणारं बेट, आणि त्यावर पालखी! दहा वाजेपर्यंत त्याचं सगळं बघून झालं. मग ऊन लागलं. तळ्याकाठी येऊन त्याने हिराजीला विचारलं, “आम्ही इथेच मुक्काम टाकतो, जेवतो, संध्याकाळी निघतो. पाणी पुरेल ना?”

सरळ प्रश्न होता. हिराजीची सून चंद्री पहाटेपासून अडली होती. घरातलं पाणी संपत आलं होतं. तुळसा सुईण तळ्यासमोरच्या त्याच्या घराच्या दारात उभी होती आणि किल्लेदाराच्या पाठीमागून हात हलवून ‘नाही, नाही’ असं खुणावत होती. हिराजीने ती खूण पाहिली. पाहिली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

“व्हया तितक्या घेवा, सायबानु. खापरीर पाण्याक तोटो नाय.”

मग काय विचारता! आचाऱ्याने हंडे भरले. किल्लेदाराने डोक्यावरून कळशांमागून कळशा ओतून घेतल्या. बाईसाहेबांच्या पायांना वाळू लागली होती, ती धुतली. कुत्री तळ्यात उतरली, त्यांच्यामागे माणसं उतरली. बाराही घरं दारात उभी राहून बघत होती आणि कुणी तोंड उघडलं नाही. तांडेलाने शब्द दिलेला, तो मोडायचा कसा? माझे पूर्वज असले तरी सांगतो, शुद्ध गाढवपणा. दुपारपर्यंत तळ्यात नुसता चिखल उरला.

आणि दुपारीच चंद्री मोकळी झाली. मुलगा झाला. पण तिचं अंग तापलं होतं, रक्त थांबत नव्हतं आणि ती एकच मागत होती, पाणी. बाकीच्या घरांतले माठही कोरडे होते, म्हणून तुळसाने चिखल फडक्यातून गाळून पाहिला. फडकं ओलं झालं, तेवढंच. तेव्हा ती रिकामी कळशी घेऊन किल्लेदाराकडे गेली. तो जेवून केवड्याच्या सावलीत आडवा झाला होता.

“सायबानु, पाणी सगळा सपला. बाळंतणीक घोटभर तरी द्या.”

किल्लेदार दचकून उठून बसला. त्याच्या हंड्यांतही थेंब नव्हता. तो म्हणाला, “अगं, मग आधी नाही का सांगायचं? मी विचारलं होतं ना?”

या एका बाबतीत त्याचं काही चुकलेलं नव्हतं. म्हणूनच ते वाक्य आम्हाला अजून पचत नाही.

त्याने ताबडतोब माणसं पाठवली. पण वारा पडला होता. शीड लुळं पडलेलं, वल्ही मारत किनारा गाठायचा आणि पाणी घेऊन परत यायचं. ती माणसं आली तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता आणि चंद्री गेली होती. मुलगा बकरीच्या दुधावर जगला. त्याच्यापासून पुढे आम्ही.

असं सांगतात की सून गेल्यावर हिराजीची वाचा बसली. बसली म्हणजे पूर्ण गेली नाही. दोन शब्द उरले, पाणी नाय. भूक लागली तरी तेच, नातवाला मांडीवर घेतलं तरी तेच. कडाही त्याच दिवसापासून झिरपायचा थांबला. पावसात तळं भरे आणि आठ दिवसांत कोरडं पडे. बारातली सात घरं बेट सोडून गेली, उरलेली पाच किनाऱ्यावरून होडीने पाणी आणून राहिली. हिराजी मात्र रोज सकाळी धक्क्याच्या खडकावर जाऊन बसे. सोबत तुळसाची ती रिकामी कळशी. येईल त्या होडीला सांगे, “पाणी नाय.” लोक हसत, काही शिव्या देत, काही त्याच्यापुढे तांदूळ टाकत.

अशीच काही वर्षं गेली. मग एकदा केरसुण्या विकणारी एक बाई आली. बघायला नव्हती आली, पोटासाठी आली होती. कमरेला वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात दिवसभरापुरतं पाणी. हिराजी म्हणाला, “पाणी नाय.” ती थांबली. त्याच्याकडे बघितलं, कळशीकडे बघितलं.

“नाय? मगे ह्या घेवा,” म्हणाली आणि सगळा तुंबा कळशीत रिता केला. मग डोक्यावर केरसुण्या घेऊन, कोरड्या घशाने, वैशाखाच्या उन्हात घरोघर हिंडली.

हिराजीने ती कळशी आणून तळ्यात ओतली. संध्याकाळपर्यंत कड्याची फट ओली झाली म्हणे. त्याच्या तोंडून तेव्हाही तिसरा शब्द निघाला नाही. पण त्या दिवसापासून झरा पुन्हा आटलेला नाही.

आजही आमच्या घरची सून तीच कळशी घेऊन धक्क्यावर उभी राहते. मंत्री येवो की जावई, आधी सांगते, पाणी नाय. झरा आहे तो आमच्यापुरता, पाहुण्यांना पुरेल एवढं पाणी नाही, आणि पाहुण्याशी पाण्याबाबत खोटं बोलायचं नाही, हा आमचा नेम. सांगून झालं की ती घटकाभर तिथेच थांबते. मागत नाही. मागून घेतलेलं पाणी या तळ्याला चालत नाही. आज सकाळीही थांबली होती. तुम्ही चौदा जण होतात आणि प्रत्येकाच्या हातात भरलेली बाटली होती.

तो बघा भोंगा झाला. उठा. आणि ताई, ही तुमची दहाची नोट. घ्या, भिजलेली नाही. कळशीत दुसरं काही नव्हतंच.