बुधीच्या कोंडाचा बुजवलेला पाट

हा दगडांनी बुजवलेला पाट बघताय ना? येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, एवढ्या कष्टाने खोदलेला पाट बुजवला कोणी? आमच्याच घराने. खोदलाही आम्हीच. मी इथल्या पाटलांच्या घरचा आहे, तेव्हा गोष्ट गोड करून सांगणार नाही.

नदीतला हा खोल कोंड पूर्वी गावाला ठाऊकच नव्हता म्हणे. ठाऊक होता तो वरच्या ठाकरवाडीला. उन्हाळ्यात साऱ्या नदीतले मासे इथे येऊन जीव धरतात आणि पावसाळ्यात पुन्हा नदीभर पसरतात, म्हणून वाडी इथे जाळं टाकत नसे. लागोपाठ तीन वर्षं पाऊस हुकला. गावातली पोरं तहानेने मरू लागली, तेव्हा वाडीतल्या बुधीने गोंदजी पाटलाला ही जागा दाखवली. अट एकच. पाणी डोईवरच्या हंड्याने न्यायचं, पाट काढायचा नाही. पाटलाने ओंजळीत पाणी घेऊन शपथ वाहिली, तिला बहीण मानलं, चोळी-बांगडी केली.

मग बुधी मोहफुलं वेचायला आठ दिवस रानात गेली. इकडे पाटलाचा ऊस करपत होता. गरज सरो, वैद्य मरो! त्याने गाव जमवलं आणि पाट खोदला. बुधी परतली तेव्हा कोंडात चिखल उरला होता आणि गाव टोपल्यांनी मासे भरत होतं.

ती पाटलाच्या ओट्यापाशी आली. एवढंच म्हणाली, "दादा, इचारलं असतंस तर मी नाय म्हटलं असतं. म्हणूनशान इचारलं नाहीस ना?"

तडफडणारे चार मासे हंड्यात घालून ती नदीच्या उगमाकडे निघून गेली, ती पुन्हा कोणाला दिसली नाही. असे सांगतात, की पुढे पाऊस मायंदाळ झाला, पण कोंडात पाणी ठरेना. सगळं पाटाने वाहून जाई. शेवटी पाटलाने उसावर नांगर फिरवला आणि एकट्याने दगड वाहून हा पाट बुजवला. त्यानंतरच्या पावसाळ्यात मासे उगमाकडून खाली आले, असं म्हणतात. बुधीने पाटलाला माफ केलं, असं मात्र कोणी म्हणत नाही.

आजही चैत्रात गावाने पाणी भरण्याआधी आमच्या घरातला थोरला पुरुष रिकामा हंडा डोईवर घेऊन ठाकरवाडीत जातो आणि विचारतो, "बाई, पाणी नेऊ का?" तिथली बाई हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. नुसती वाटेतून बाजूला होते. यंदा मी गेलो होतो. सत्तरी उलटली माझी, पण तिच्याकडे मान वर करून बघवलं नाही.