रिलेच्या तोंडात कागद

गोष्ट फार जुनी नाही, पण ती डोळ्यांनी पाहिलेले लोक आता थोडेच उरलेत.

एका दरीत सात वाड्या होत्या आणि साती वाड्यांना मिळून एक वीजघर होतं. वरच्या धबधब्यावर वीज तयार व्हायची आणि तारांच्या एकाच जोडीवरून खाली यायची. वीजघर सांभाळायला नारबा नावाचा माणूस होता. कामाला चोख, बोलायला कमी. लोकांनी नावं ठेवलेली मात्र त्याला सोसत नसत.

वीजघराच्या भिंतीवर काचेच्या डब्यात एक रिले बसवलेला होता. नारबाच्या आधी तिथं काम करणाऱ्या म्हाताऱ्यानं त्याला तो नीट समजावून दिला होता.

"हे बघ, तारेतून जेवढी वीज जाते तेवढी परत आली पाहिजे. कमी आली तर ती कुठंतरी जमिनीत गळतेय असं समज. झाड टेकलं असेल, तार तुटून पडली असेल, नाहीतर कुणी चिकटला असेल. रिलेला ते कळतं. आतली चकती फिरते, दोन टोकं जुळतात आणि वीज तोडणारा ब्रेकर आपोआप पडतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. आपल्याला इतक्या लवकर काही सुचत नाही बाबा."

एका वर्षी भातकापणीच्या दिवसांत रोज दुपारी वारा सुटू लागला आणि वाऱ्याबरोबर ब्रेकर पडू लागला. साऱ्या दरीची वीज जायची. भातगिरणी बंद पडायची आणि सकाळपासून पोती घेऊन आलेली माणसं गिरणीच्या अंगणात ताटकळत बसायची.

नारबा तीनदा तारेखालून चालत गेला. चार कोसांची वाट. पोचेपर्यंत वारा पडलेला असायचा. खालच्या वाडीजवळ कळकांचं, म्हणजे उंच बांबूंचं, दाट बेट होतं, पण कळक तारेपासून हातभर लांब उभे दिसले. नारबा हात हलवत परत आला.

चौथ्या दिवशी गिरणीवाले आप्पाशेट दहाबारा जणांना घेऊन वीजघरात आले.

"नारबा, तुझं यंत्र फारच भित्रं झालंय. वारा आला की डोळे मिटतं."

"यंत्राला दोष देऊ नका शेट," नारबा म्हणाला. "तारेला कुठंतरी काहीतरी लागतंय. मी इथून पोचेपर्यंत वारा पडतो. प्रत्येक वाडीतून दोन माणसं द्या. वारा सुटला की आपापल्या हद्दीत तारेखाली उभं राहायचं आणि बघायचं. एका दिवसात सापडेल."

"कापणी टाकून तारेकडे बघत उभं राहायचं?" मागून कुणीतरी म्हणालं. "मग तुला इथं कशाला बसवलंय?"

बाकीचे हसले. नारबाचा चेहरा उतरला.

"आम्हाला ते काही कळत नाही," आप्पाशेट म्हणाले. "उद्या गिरणी बंद पडता कामा नये. पडली तर आम्ही दुसरा माणूस बघू."

माणसं गेल्यावर नारबा बराच वेळ रिलेसमोर उभा राहिला. मग त्यानं काचेचं झाकण काढलं, कागदाच्या एका तुकड्याची चौघडी केली आणि जुळणाऱ्या दोन टोकांच्या मध्ये सरकवून दिली. कापणी संपेपर्यंतच, असं तो स्वतःशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. चकती फिरली, टोक कागदावर येऊन टेकलं आणि तिथंच राहिलं. ब्रेकर पडला नाही. गिरणी दिवसभर चालली. संध्याकाळी आप्पाशेटनी नव्या तांदळाची पायली पाठवली आणि वाटेत भेटेल तो नारबाला रामराम करू लागला. हे आठ दिवस चाललं. त्या आठ दिवसांत तार पाहायला नारबा एकदाही गेला नाही.

खाली कळकांच्या बेटात मात्र वारा आला की एक उंच कळक वाकून तारेला लागत होता. ठिणग्या उडत. तारेचा एकेक पदर जळत होता.

नवव्या दिवशी दुपारी तार तुटली आणि सावळारामच्या खाचरात पडली. खाचरात घोटाभर पाणी होतं. सावळाराम बांधावर भारे बांधत होता. त्याचा बैल पाण्यात होता. बैल एकदम कोसळला, म्हणून सावळाराम त्याला उठवायला धावला. तोही पडला. त्याची बायको भागीरथी विळा टाकून नवऱ्याकडे गेली.

वीजघरात नारबा चकतीकडे बघत होता. ती फिरली आणि कागदाला टेकली. रोज वारा पडला की ती परत जायची. आज जाईना. कळक जरा जास्त टेकला असेल, असं त्याला वाटलं. तो उठून पाणी प्यायला. ब्रेकरचा दांडा त्याच्यापासून चार पावलांवर होता.

शेजारच्या खाचरातला माणूस खालून अख्खा चढ धावत आला, तेवढा सगळा वेळ तार जिवंत होती. त्या माणसाला नीट बोलताही येत नव्हतं. "बंद कर," एवढंच तो म्हणाला. नारबानं दांडा ओढला. तोपर्यंत खाली करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौकशीला तालुक्याहून साहेब यायचे होते. आदल्या दिवशी आप्पाशेट एकटेच आले.

"तो कागद काढून टाक," ते हळूच म्हणाले. "यंत्र बिघडलं होतं म्हण. कोण बघायला आलंय?"

नारबानं कागद काढला नाही. साहेबांनी विचारलं, "रिले नादुरुस्त होता का?"

"नाही साहेब. रिले चांगला होता. त्याच्या तोंडात कागद मी घातला."

नारबाची नोकरी गेली आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. आप्पाशेट साक्षीत म्हणाले की आम्ही फक्त वीज मागितली होती. ते खोटंही नव्हतं.

सुटून आल्यावर नारबा पहिल्यांदा सावळारामच्या घरी गेला. म्हातारी आई ओसरीवर बसली होती. तिनं त्याला ओळखलं.

"एकच सांग," ती म्हणाली. "माझी पोरं पडली, ते तुझ्या यंत्राला कळलं होतं का?"

"कळलं होतं, आई."

"आणि तुला?"

म्हातारी भिंतीला धरून उठली, आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. नारबा अंगणात उभा राहिला. दार पुन्हा उघडलं नाही.

तात्पर्य: जो आपलं काम अडवतो त्याचं तोंड बंद करण्याआधी तो कशासाठी अडवतोय ते जाऊन पाहावं. खरं बोलून अपराध कबूल होतो, पण गेलेला माणूस परत येत नाही.