सतरा नंबरचं लाल घर

“एक चूक दाखवा, मास्तर. एकच! इथल्या इथे सगळी पानं फाडून टाकतो. आहे का एक तरी?”

पास्कू मास्तरांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि पुढचं पान उलटलं.

समोरच्या बाकावर सॅव्हियो बसला होता. बसलेला कसला! एक पाय सारखा हलत होता, आणि डोळे मास्तरांच्या चेहऱ्यावर. कधी एकदा म्हातारा तोंडात बोट घालतो, असं त्याला झालं होतं.

खोटं कशाला बोला, पोरानं काम केलंही होतं तसंच. दोन वर्षं घासली होती. मास्तरांच्या गिटारवरच्या बेचाळीस धुना. मास्तरांनी पोराटोरांना शिकवायला जगाची गाणी वहीत लिहून दिली, पण स्वतःची धून जन्मात कधी कागदावर उतरवली नाही. सॅव्हियोनं जुन्या कॅसेट शोधल्या, ऐकल्या, पुन्हा ऐकल्या, आणि एकेक धून संगणकावर टॅबमध्ये लिहून काढली. लिहिलेली धून संगणक वाजवूनही दाखवायचा.

टॅब म्हणजे काही मोठं गौडबंगाल नाही. आडव्या सहा रेघा, म्हणजे गिटारच्या सहा तारा. रेघेवर आकडा, म्हणजे ती तार दांडीवरच्या कितव्या पट्टीपाशी दाबायची. सुरांची ओळख नसलेल्यालाही बोट कुठे ठेवायचं ते कळतं. याच ओटीवर, मास्तरांनी पट्टीनं आखलेल्या सहा रेघांवर सॅव्हियो ते शिकला होता. तेव्हा अकरा वर्षांचा होता. आता वसईत त्याचा स्वतःचा क्लास होता, फोनवर त्याचे धडे बघणारे हजारो होते, आणि पठ्ठ्या नाकावर माशी बसू देत नव्हता.

पुस्तक सोमवारी छापायला जायचं होतं. पहिल्या पानावर एक ओळ होती: ‘हे सारं माझ्या वाजवण्याबरहुकूम आहे.’ खाली सहीची जागा कोरी होती.

ती सही मिळाली की झालं. कारण गेल्या वर्षी मास्तरांना झटका आला आणि डावा हात गेला. धुना वाजवणारा हात आता मांडीवर नुसता पडून असायचा. पुस्तकात जे छापलं जाईल, तेच यापुढे पास्कू मास्तरांचं वाजवणं. त्या जुन्या कॅसेट सोडल्या, तर दुसरं काही उरणार नव्हतं. हे सॅव्हियोला माहीत होतं, मास्तरांनाही माहीत होतं, आणि दोघंही ते बोलत नव्हते.

नवव्या पानावर मास्तर थांबले.

“हा सूर तू चौथ्या तारेवर घेतलास. तिसऱ्या तारेवर सोपा होता की.”

“सोपा होता. पण तुम्ही चौथ्या तारेवर घेता. आवाज जाड येतो. त्या जाडपणावरून ओळखलं मी.”

“कॅसेटवरून?”

“कॅसेटवरून!”

मास्तरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. “कान आहे रे तुला,” ते म्हणाले.

झालं! सॅव्हियोची छाती वीतभर फुगली. सोळा वर्षांत मास्तरांच्या तोंडून एवढं कौतुक पहिल्यांदा निघालं होतं. त्यानं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि मास्तरांच्या उजव्या हाताशी ठेवलं.

मास्तर पानं उलटत राहिले. दहा... बारा... पंधरा...

सतरा नंबरच्या धुनेवर त्यांचं बोट थांबलं. दोन उभ्या रेघांच्या मधल्या एका घरावर.

“इथे?”

“हां, ते!” सॅव्हियो पुढे सरकला. याचीच तो वाट बघत होता. “त्या घरानं मला महिनाभर छळलं, मास्तर. तुमच्या तीन कॅसेट आहेत, आणि तिन्ही वेळा तुम्ही तिथे अडखळता. एकदा दोन मात्रा जास्त, एकदा तीन, आणि एकदा तर पाच. प्रत्येक घरात चारच मात्रा बसतात ना? जास्त भरलं की सॉफ्टवेअर ते घर लाल करतं.”

“लाल?”

“लाल. म्हणजे चूक आहे, दुरुस्त करा.”

“म्हणजे माझी चूक.”

सॅव्हियोनं जीभ चावली. पण गडी मागे हटणारा नव्हता. “चूक म्हणजे... वय झालं की हात अडकतोच हो. मी ती जास्तीची जागा काढून टाकली. आता बघा, बेचाळीस धुनांत एक घर लाल नाही. तुमची अब्रू राखली मी.”

“उपकार झाले,” मास्तर म्हणाले.

आता या शब्दांत जे होतं, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण सॅव्हियोला ते खरेच उपकार वाटले. तो हसून म्हणाला, “अहो, असं काय बोलता, माझं कामच आहे ते!”

मास्तरांनी पेन उचललं.

मग ते टोपण लावून पानांवर आडवं ठेवलं.

“सही करतो. आधी एक काम कर. ती होडी शेडखाली घ्यायची आहे.”

अंगणाच्या टोकाला, नारळाखाली, एक लहानशी होडी होती. मास्तरांच्या वडिलांची. खाडीत एकट्या माणसानं वल्हवावी एवढीशी. काल शेजाऱ्यांनी ती सुरूच्या तीन गोल ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. शेड तिथून पंधरा पावलं.

“एवढंच ना?” सॅव्हियोनं बाह्या वर सारल्या.

“जमेल? ओंडक्यांवरून होडी सरकते. पुढे गेली की मागचा ओंडका मोकळा होतो. तो उचलायचा, होडीच्या नाकासमोर टाकायचा, मग पुन्हा ओढायचं.”

“मास्तर, मी काय काल जन्मलोय?”

“बरं. मग तुझं ते सतरा नंबर लावून दे. तालावर ओढ. काम हलकं होतं.”

सॅव्हियो खूश झाला. त्यानं पिशवीतला लॅपटॉप मास्तरांच्या पुढ्यात ठेवला, कोणतं बटण दाबायचं ते दाखवलं, आवाज मोठा केला आणि दोर खांद्यावर घेऊन उभा राहिला.

मास्तरांनी उजव्या हाताच्या बोटानं बटण दाबलं.

टिण टिण टिण टिण... यंत्राची गिटार वाजू लागली. एकेक सूर नेटका, एकेक आकडा जागच्या जागी. सॅव्हियोनं जोर लावला. होडी हलली. आणि काय सांगावं, धुनेचा झोक आणि खांद्याचा झोक असा काही जुळला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. एक ओढ, दुसरी, तिसरी, चौथी. होडी चाकं लावल्यासारखी आली.

मागचा ओंडका मोकळा झाला.

सॅव्हियोनं दोर टाकला, मागे धावला, ओंडका उचलला. धून पुढे निघूनही गेली होती. त्यानं कसाबसा तो नाकाखाली ढकलला, दोर पकडला, आणि ताल गाठायला दोन ओढी घाईघाईनं मारल्या.

ओंडका पुन्हा मोकळा झाला.

या खेपेला धून इतकी पुढे होती, की त्यानं म्हटलं, राहू दे, एक ओढ आणखी काढू.

धप्पकन होडीचं नाक वाळूत गेलं. सॅव्हियो गुडघ्यावर. पायाचा अंगठा थोडक्यात वाचला.

टिण टिण टिण टिण...

“थांबवा! मास्तर, थांबवा ते!”

“ते थांबत नाही रे,” मास्तर ओटीवरून म्हणाले. “तू तसंच लिहिलंयस.”

धून आपली वाजत राहिली. शेवटपर्यंत वाजली. मग अंगण गप्प झालं.

सॅव्हियो वाळू झटकत उठला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्याला राग आला होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं.

“बाबा दोर ओढायचे,” मास्तर म्हणाले. “आई मागचा ओंडका पुढे आणायची.”

सॅव्हियोनं मागे पडलेल्या ओंडक्याकडे पाहिलं.

“रोज. तोंडानं हीच धून. मी नंतर ती तारांवर घेतली, एवढंच.”

“आणि त्या घरात...?”

“आई चालत यायची,” मास्तर म्हणाले. “माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आईचे दिवस भरत आले होते. तेव्हा फार वेळ लागायचा. बाबा दोर ताणून उभे राहायचे. तोंड बंद. हाक मारायचे नाहीत, मागे वळून बघायचेही नाहीत. ओंडका पडल्याचा आवाज आला, की पुढचा सूर.”

सॅव्हियोला पाच मात्रांची ती कॅसेट आठवली. महिनाभर हेडफोन लावून त्यानं ती ऐकली होती. त्या पाच मात्रांत काहीच नाही, म्हणून पुसून टाकल्या होत्या. त्याला इतकी लाज वाटली, की ओटीकडे बघवेना.

“होडी तशीच ठेवणार का?” मास्तर म्हणाले.

त्यानं खाली वाकून होडीचं नाक खांद्यानं उचललं, पायानं ओंडका आत सारला. दोर घेतला. लॅपटॉपकडे त्यानं पाहिलं, पण मास्तरांनी तो केव्हाच मिटून ठेवला होता.

मास्तर गुणगुणू लागले.

आवाज म्हाताऱ्याचा, मधूनच फाटणारा. झटक्यानं तोंडाची एक बाजूही थोडी ओढली गेली होती, त्यामुळे सूर तिरके निघत. पण पहिल्याच सुराला सॅव्हियोचा खांदा आपोआप पुढे झाला. एक ओढ, दुसरी, तिसरी, चौथी. मागचा ओंडका मोकळा झाला, आणि मास्तर थांबले.

सॅव्हियो धावला नाही. मागे गेला, ओंडका उचलला, पुढे आणला, टाकला.

ओंडका पडला आणि सूर निघाला.

पुन्हा चार ओढी. पुन्हा शांतता. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. ते बघत नव्हते, फक्त कान देऊन बसले होते. सोळा वर्षं ज्या माणसाच्या तालाला तो धरून चालला, तो माणूस आज त्याच्या पावलांसाठी थांबला होता! सॅव्हियोचा ऊर भरून आला. हजारो लोक त्याचे धडे बघत, पण असा अभिमान त्याला कधी वाटला नव्हता. त्यानं ओंडका टाकला, आणि त्याच्या एका आवाजावर पास्कू मास्तरांची धून पुढे निघाली.

शेड चार पावलांवर आलं. शेवटचा ओंडका मोकळा झाला. मास्तर थांबले.

सॅव्हियोनं ओंडका दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि होडीच्या कडेनं पुढे आला.

पण टाकला नाही. तसाच उभा राहिला.

मास्तरही तसेच... ओठ मिटलेले.

नारळावर कावळा ओरडला. पलीकडच्या वाडीत कुणीतरी पंप चालू केला. सॅव्हियोचे हात भरून आले, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. तरी ओटीवरून हूं नाही की चूं नाही. त्याला वाटलं, आपण संध्याकाळपर्यंत असेच उभे राहिलो, तर हा माणूस संध्याकाळपर्यंत असाच थांबेल.

“मास्तर,” शेवटी तोच म्हणाला. “मी चुकलो. घर लाल झालं तर होऊ दे. सोमवारी पुस्तक जायचंय, तुम्ही सांगाल तसंच छापतो. फक्त एक सांगा. इथे किती मात्रा लिहू?”

पास्कू मास्तरांनी डोळे उघडले.

“ओंडका तुझ्या हातात, आणि विचारतोस मला?”